दिल्याने न सरणारे

भाकरी अर्धी दिली की आपल्या ताटात अर्धीच उरते. ज्ञान दिल्याने सरत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग ज्ञान वाटणाऱ्या माणसाला सत्तेने का भ्यावे?

दमास्कसचा बासेल खर्ताबिल आठवला की हा प्रश्न आपली पाठ सोडत नाही. १९८१ साली जन्मलेला हा पॅलेस्टिनी-सीरियन तरुण संकेतस्थळे उभारायचा. त्याला ध्यास होता मुक्त सॉफ्टवेअरचा. मुक्त म्हणजे नुसते फुकट नव्हे. ज्याची आतली रचना कुणालाही वाचता येते, बदलता येते, पुढे देता येते, ते मुक्त. फायरफॉक्स आणि विकिपीडियासाठी त्याने श्रम दिले. पाल्मिरा या प्राचीन नगरीची संगणकावर त्रिमिती प्रतिकृती घडवायलाही त्याने सुरुवात केली होती.

१५ मार्च २०१२ रोजी त्याला अटक झाली. त्याची वाग्दत्त वधू नूरा गाझी हिने तुरुंगातच त्याच्याशी लग्न केले. एप्रिल २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाने ही कैद मनमानी ठरवून सुटकेची मागणी केली. ऑक्टोबरमध्ये त्याला अद्रा तुरुंगातून अज्ञात ठिकाणी हलवून ठार करण्यात आले. नूराला हे कळायला २०१७ उजाडले.

ज्याला रचना उघडून पाहायची सवय लागते, तो उद्या राज्याचीही रचना विचारतो. सत्तेची भीती हीच असावी.

२०१५ मध्येच ‘इस्लामिक स्टेट’ने पाल्मिराचे बेल मंदिर उडवले. बासेलने घडवलेली प्रतिकृती मात्र मित्रांनी पुढे नेली आणि सर्वांसाठी खुली केली. दगड गेले, प्रत उरली. म्हणजे देणारा मरत नाही, असे म्हणून आपण मोकळे व्हावे काय? नूरासमोर हे वाक्य उच्चारण्याचे धैर्य आपल्यात आहे काय? कामाची प्रत काढता येते, माणसाची नाही.

विकिपीडिया आपण रोज उघडतो. ते कुणी दिले, हे विचारत नाही. देणाऱ्याने मोबदला मागितला नाही, म्हणून घेणाऱ्याचे देणे फिटले असे होत नाही. देणारा संकटात असताना त्याचे नाव घेणे, निदान त्याच्यासाठी बोलणे, एवढे तरी आपल्याकडे येणे उरते. डिसेंबर २०२४ मध्ये असदची राजवट कोसळली, सीरियातील तुरुंगांची दारे उघडली. बाहेर येणाऱ्यांत बासेल नव्हता.