टाळ्यांनंतरची सोबत

2021चा सप्टेंबर. न्यूयॉर्कच्या अमेरिकन ओपन टेनिस स्पर्धेत ब्रिटनची 18 वर्षांची एमा रादुकानू पात्रता फेरीतून आली होती. क्रमवारीत 150वी. परतीचं विमान पात्रता फेरी संपल्यानंतरचंच ठरवलेलं. ती मात्र दहा सामने खेळली आणि एकही सेट न गमावता विजेती ठरली. खुल्या टेनिसच्या युगात पात्रता फेरीतून येऊन ग्रँड स्लॅम जिंकणारी ती पहिलीच. अंतिम सामना पाहायला ब्रिटनमध्ये लाखो लोक टीव्हीसमोर बसले.

पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत ती पहिल्याच फेरीत हरली. मग आधीचं यश नशिबाचं होतं, असंही बोललं गेलं.

उगवत्या सूर्याला सगळेच नमस्कार करतात. पण वयाच्या अठराव्या वर्षी शिखर गाठलेल्या मुलीला पुढे कितीतरी वर्षं खेळायचं असतं. त्या वर्षांत तिचे सामने पाहतो, तो खरा चाहता.

आपल्याही नात्यात दहावीला चमकलेलं आणि बारावीत मागे पडलेलं एखादं मूल असेल. आज त्याला फोन करूया. गुण न विचारता.