जितके दिसते, तितकेच

अब्बा पेंटर होते. दौंडच्या बाजारातल्या दुकानांच्या पाट्या रंगवणे हा त्यांचा धंदा. कब्रीवरच्या शिळांची झिजलेली अक्षरे उजळून देणे मात्र ते सवाबचे काम समजत आणि त्याची मजुरी घेत नसत. लहानपणी ब्रशांचा डबा घेऊन मी त्यांच्याबरोबर जाई.

एकदा शिरूरला, म्हणजे जुन्या माणसांच्या घोडनदीला, असेच गेलो. अब्बांनी शिळा ओल्या फडक्याने पुसली, कोवळे ऊन तिरपे पडेपर्यंत ते थांबले आणि सावलीमुळे उठून दिसलेली अक्षरे खडूने टिपली. नावाआधीचा शब्द मात्र पार गेला होता. मरहूमचा मुलगा म्हणाला, "तिथे 'हाजी' लिहा. हजला जायची वडिलांची फार इच्छा होती."

अब्बा म्हणाले, "जितना दिखता है, उतनाच लिखूंगा."

मुलाचे डोळे भरून आले. अब्बांनी बाकीची अक्षरे काळ्या ऑइलपेंटने भरली, ती जागा मोकळी सोडली. परतताना एसटीत मी त्यांच्याशी बोललो नाही. एका शब्दाने कोणाचे काय बिघडणार होते?

हा प्रश्न बरीच वर्षे मनात राहिला. माझा भाचा अमेरिकेत असतो. फावल्या वेळात तो पिनबॉलची जुनी यंत्रे दुरुस्त करतो. त्या खेळात लाकडी फळीत पारदर्शक चकत्या बसवलेल्या असतात, त्यांच्याखाली दिवे लागतात. पोलादी गोळी वरून धावून धावून चकत्यांवरची अक्षरे घासली जातात. तो तिथे नव्या अक्षरांचे डिकल बसवतो आणि वर पारदर्शक थर देतो. मी विचारले, "मूळ अक्षर कसे होते, हे कळते कसे?" तो म्हणाला, "त्याच मॉडेलचे दुसरे यंत्र बघायचे, मामू."

यंत्राला भावंडे असतात. शिळा एकटी असते. तिच्यावरचा शब्द गेला की पडताळायला दुसरी शिळा मिळत नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेत हेच तत्त्व आहे: जिथे अंदाज सुरू होतो, तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. अब्बांनी ती सनद पाहिलीही नव्हती.

मग माणसाच्या प्रेमाचे काय? त्याचे उत्तर घोडनदीतच आहे. तिथे १८०९ मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेस यांची कबर आहे. लोक त्यांना सत्पुरुष मानत आणि सुगीचे पहिले धान्य तिथे नैवेद्य म्हणून ठेवत, अशी नोंद १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये आहे. लोकांनी दिलेले नाव लोकांच्या तोंडी जगले.

भर घालणे हाही गुन्हा नव्हे. कुरआन शरीफच्या अनेक जुन्या हस्तलिखितांत मूळ अक्षरे काळ्या शाईत आणि उच्चार दाखवणारे नुक्ते लाल शाईत आहेत. वाचणाऱ्याची सोय केली, पण भर ही भर म्हणून ओळखू येईल अशी. बेइमानी आहे ती सांधा लपवण्यात. त्यात फसतो तो उद्याचा वाचक, ज्याला विचारायला कोणी उरलेले नसते. आणि आज वाटते, 'हाजी' लिहिले असते तर त्या माणसाची हजची अपुरी तळमळच पुसली गेली असती. ती तळमळ खरी होती. नियत जाणणाऱ्याला शिळा वाचावी लागत नाही.

आता दौंडच्या कब्रस्तानात अब्बांच्या शिळेवर सालाचा एक आकडा गेला आहे. तो मी भरणार आहे. मी स्वतः त्यांना माती दिली, ती माझी साक्ष आहे. धाकटा भाऊ म्हणतो, नावाआधी 'मशहूर पेंटर' लिहू. तेही खोटे नाही. पण ते शिळेवर कधीच नव्हते. ते मी इथे लिहितो, माझ्या नावाने.