पालथं करणारे हात

एप्रिल २०२० मध्ये वरळी-प्रभादेवीचा जी-दक्षिण वॉर्ड कोविडच्या रुग्णसंख्येत मुंबईत सर्वांत पुढे होता. तेव्हा चाळीच्या गॅलरीपासून टीव्हीच्या चर्चेपर्यंत एकच विचारणा होती : व्हेंटिलेटर किती आहेत? विचारणा रास्त होती, पण अपुरी. फुप्फुसं निकामी होत चाललेल्या, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला जगण्याची मोठी संधी देणारा एक उपाय यंत्राबाहेरचा आहे. रुग्णाला पालथं झोपवायचं.

माणूस उताणा असताना हृदयाचा आणि पोटाचा भार फुप्फुसांच्या पाठीकडच्या भागावर येतो. सुजलेलं फुप्फुस तिथे मिटतं. रक्त मात्र तिकडेच जास्त वाहतं आणि प्राणवायू न घेताच परततं. पालथं केलं की तो भाग उघडतो, हवा सगळीकडे सारखी पोचते आणि व्हेंटिलेटरच्या दाबाने होणारी इजाही कमी होते.

पालथं केल्यावर ऑक्सिजन वाढतो, हे डॉक्टरांना १९७० च्या दशकापासून माहीत होतं. तरी २००१ मध्ये इटलीत झालेल्या अभ्यासात मृत्यू घटल्याचं दिसलं नाही. तिथे रुग्ण दिवसाकाठी सरासरी सातच तास पालथे असत. २०१३ च्या, मुख्यतः फ्रान्समधल्या ‘प्रोसेव्हा’ अभ्यासात अधिक गंभीर असे ४६६ रुग्ण निवडले. त्यांतल्या निम्म्यांना एका वेळी किमान १६ तास पालथं ठेवलं. २८ दिवसांत उताण्या गटातले ३२.८ टक्के रुग्ण दगावले, पालथ्या गटातले १६ टक्के. योग्य रुग्ण आणि पुरेसा वेळ, दोन्ही जमल्यावरच गुण आला.

हा वेळ माणसांना द्यावा लागतो. बेशुद्ध रुग्णाला पालथं करायला चार-पाच जण लागतात. डोक्याशी उभा असलेला श्वासनळीतली ट्यूब धरतो आणि त्याच्याच इशाऱ्यावर सगळे हलतात. आधी डोळ्यांत मलम घालून पापण्या चिकटवायच्या, सलाइनच्या नळ्या मोकळ्या करायच्या, ईसीजीचे पॅच पाठीवर लावायचे. नंतर ठरावीक वेळाने मान फिरवायची, हातांची ठेवण बदलायची, गाल-हनुवटीवर जखम होत नाही ना ते बघायचं. ट्यूब निसटली तर जिवावरच बेततं. शिकलेल्या सिस्टर, सरावलेले वॉर्डबॉय, मामा-मावशी यांच्याशिवाय हे होणे नाही.

आपण दवाखान्याची ताकद खाटांमध्ये आणि मशीनमध्ये मोजतो, कारण त्यांचं उद्घाटन करता येतं. रात्रपाळीच्या सिस्टरचं उद्घाटन होत नाही. पण जो उपाय यंत्राशिवाय होतो, तो माणसांशिवाय होत नाही, आणि माणसं कमी पडली की सोळा तासांचे सात व्हायला वेळ लागत नाही. म्हणून आपल्या भागात नवं आयसीयू येईल तेव्हा नगरसेवकाला खाटांचा आकडा जरूर विचारा. आणि रात्री दोन वाजता एका खाटेमागे किती सिस्टर असतील, तेही विचारा.