चालायला लागल्या, तर जातील कुठे?

आईच्या मेंदूत पाणी साठलंय आणि अल्झायमरही आहे. ते पाणी कातडीखालून पोटात उतरवणारी नळी, म्हणजे शंट, बसवायची की नाही, यावर सिडकोतल्या घरी वहिनींशी झालेलं हे बोलणं.

मी : कमरेतून चाळीसेक मिली पाणी काढल्यावर आई वॉर्डात कशी चालली, पाहिलंत ना? एरवी पाय जमिनीला चिकटलेले. त्या दिवशी भराभर वळली.

वहिनी : वळल्या, आणि मला विचारलं, ‘तुम्ही कोणाच्या?’

मी : आठवण परत येईल असं मी म्हणत नाही. चाल बिघडणं, लघवी न आवरणं, विसर पडणं ही अशा पाणी साठण्याची लक्षणं हकीम आणि ॲडम्स या डॉक्टरांनी १९६५ मध्येच मांडली. शंटने मुख्यतः चाल सुधारते. २०२५ च्या एका चाचणीत शंट सगळ्यांनाच बसवला, पण काहींचा व्हॉल्व्ह जवळजवळ बंद ठेवला. तीन महिन्यांनी चाल सुधारली ती शंट चालू असलेल्यांची.

वहिनी : आणि लघवी?

मी : त्यात ठळक फरक दिसला नाही. स्मरणातही नाही.

वहिनी : म्हणजे रात्रीच्या चादरी माझ्याकडेच.

मी : पण पडणं तरी टळेल. खुबा मोडला तर कायमचं अंथरूण.

वहिनी : भाऊजी, पाय सुधारले आणि डोकं नाही, तर आई जातील कुठे? आज त्या उठत नाहीत म्हणून मी भाजी आणायला जाते. उद्या फाटक उघडून जालना रोडला लागल्या तर?

मी : फाटकाला कुलूप लावू.

वहिनी : डोक्याला भोक पाडून पाय मोकळे करायचे, आणि मग कुलूप?

मी : मग माणूस ठेवू.

वहिनी : बाई संध्याकाळी सहाला जाते. आईंची खरी घालमेल त्यानंतरच सुरू होते.

मी : म्हणून आपल्या सोयीसाठी आईने पडून राहायचं?

वहिनी : ‘आपल्या’ म्हणू नका. तुम्ही पुण्याला असता.

यावर मला उत्तर सुचलं नाही. तरी सांभाळायला सोपं जातं म्हणून चालू शकणाऱ्या माणसाला पलंगावर ठेवणं मला आजही अन्यायच वाटतो.

वहिनी : आईंना विचारलंत? सुई टोचली तेव्हा ‘नको’ म्हणून माझा हात धरला होता. ते ‘नको’ धरायचं की नाही?

मी : धरा. पण नंतर वॉर्डाच्या दारापर्यंत ती स्वतःहून गेली, तेही धरा.

वहिनी : धरते. पण नळी तुंबली, ताप आला, मेंदूभोवती रक्त साठलं, तर रात्री रिक्षा कोण बोलावणार? आधी महिनाभर इथे राहा, मग सही करू.

मी : उशीर झाला तर फायदा कमी होत जातो, वहिनी.

वहिनी : मग आजपासूनच राहा.