चौथ्या मात्रेचे समर्थन

एखाद्या कृतीचे औचित्य ती घडत असतानाच ठरते, की तिच्यानंतर जे घडते त्यावरून, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न आहे आणि त्याची चर्चा बहुधा युद्ध, असत्य किंवा शिक्षा यांसारख्या मोठ्या उदाहरणांच्या आधारे केली जाते. मोठ्या उदाहरणांची अडचण अशी की त्यांत कृती आणि परिणाम यांच्यामध्ये वर्षे लोटतात, अनेकांचे हात लागतात, आणि कशामुळे काय घडले हेच विवाद्य होऊन बसते. जाझ संगीतातील वॉकिंग बास या वादनप्रकारात हाच प्रश्न पाव सेकंदात उभा राहतो आणि तेवढ्याच अवधीत निकालात निघतो, म्हणून तेथे तो अधिक बारकाईने तपासता येतो.

वॉकिंग बास म्हणजे डबल बास या उंच, पडदे नसलेल्या तंतुवाद्यावर दर मात्रेला एक याप्रमाणे बारमागून बार सलग स्वर छेडत जाणे. बार म्हणजे येथे चार मात्रांचा एक गट. विसाव्या शतकाच्या आरंभी हे खालच्या स्वरांचे काम पुष्कळदा ट्यूबा या पितळी वाद्याकडे असे आणि बारमधील पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहाचा, मूळ स्वर आणि पंचम वाजवला की ते पूर्ण होई. १९३० च्या दशकात काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात वॉल्टर पेज (१९००–१९५७) यांनी चारही मात्रा भरून काढणारी चाल प्रतिष्ठित केली. ती त्यांनी एकट्याने निर्माण केली असे म्हणणे धाडसाचे ठरेल, परंतु पुढच्या पिढीतील रे ब्राउन, पॉल चेंबर्स इत्यादी वादकांनी जी परंपरा पुढे नेली तिच्या उगमापाशी पेज यांचेच नाव घेतले जाते. बासवादकापुढे सहसा केवळ कॉर्डांची नावे आणि त्यांचा क्रम असतो. प्रत्येक बारमधील चार स्वर कोणते, हे त्याने त्या त्या वेळी ठरवायचे असते.

एक साधे उदाहरण घेतल्यास मुद्दा उघड होतो. डी मायनर, जी सेव्हन आणि सी मेजर या तीन कॉर्ड एकेका बारच्या अंतराने येत आहेत, असे समजू. पहिल्या बारमध्ये वादक डी, एफ, ए आणि ए-फ्लॅट असे चार स्वर वाजवतो आणि दुसऱ्या बारच्या पहिल्या मात्रेवर जी या स्वरावर येतो. यांतील पहिले तीन स्वर डी मायनर कॉर्डचेच आहेत, पण चौथा, ए-फ्लॅट, त्या कॉर्डमध्ये नाही आणि ही सगळी हालचाल ज्या सी मेजर स्वरसप्तकात चालली आहे त्यातही नाही. एकटा ऐकला तर तो चुकीचा स्वर आहे, आणि हाच स्वर बारच्या पहिल्या मात्रेवर आला असता तर श्रोत्याला कॉर्डच बदलल्यासारखी वाटली असती. तरीही चौथ्या मात्रेवर तो नुसता खपून जातो असे नव्हे, तर अनेकदा त्या बारमधील सर्वांत समर्पक स्वर ठरतो, कारण तो जी च्या वर नेमका अर्धस्वर आहे आणि त्याच्यामुळे जी वर येणे अटळ वाटू लागते. (हिंदुस्थानी संगीतात एखादा कसलेला गायक विवादी स्वराला ओझरता स्पर्श करतो, त्याचे समर्थनही त्या स्वरात नसून त्याच्या पुढेमागे असते, हे मराठी वाचकाला निराळे सांगण्याची गरज नाही.)

यावर लगेच येणारा आक्षेप असा की यात भविष्याने भूतकाळाचे समर्थन करण्यासारखे काही नाही. ए-फ्लॅट वाजवतानाच वादकाच्या मनात जी होता, तेव्हा समर्थन त्याच्या हेतूत आहे आणि हेतू वर्तमानातला आहे. हा आक्षेप दोन बाजूंनी तोकडा पडतो. नवशिक्या वादकाचा हेतू पुष्कळदा अगदी योग्य असतो, पण वाद्याला पडदे नसल्यामुळे पुढच्या मात्रेला त्याचे बोट जी च्या जागेच्या अलीकडे किंवा पलीकडे पडते, आणि मग मागचा ए-फ्लॅट हेतू शुद्ध असूनही चूकच राहतो. उलट कधी बोट घसरून ए-फ्लॅट वाजतो आणि सावध वादक तत्क्षणी जी वर उतरतो. तेव्हा हेतू नसतानाही तो स्वर बरोबर ठरतो आणि ऐकणाऱ्याला फरक कळण्याचा मार्ग नसतो. म्हणजे स्वर योग्य ठरण्यासाठी हेतू पुरेसाही नाही आणि आवश्यकही नाही.

मग साध्य मिळाले की कोणतेही साधन क्षम्य, असा याचा अर्थ होतो काय? तसा होत नाही, आणि वॉकिंग बासचे उदाहरण उपयोगी पडते ते येथेच. चौथ्या मात्रेवर कॉर्डबाहेरचा, जी पासून दूरचा एखादा स्वर वाजवून वादक पुढच्या मात्रेला अचूक जी वर आला, तर मुक्काम गाठला गेला तरी तो स्वर सावरला जात नाही. ए-फ्लॅटचे समर्थन होते ते त्याच्या पाठोपाठ जी आला एवढ्यामुळे नव्हे, तर त्या स्वरात जी कडे नेणारी वाट होती आणि ती खरोखर चालली गेली, यामुळे. भविष्याकडून येते ती पूर्तता. पूर्ततेची पात्रता मात्र साधनात आधीपासून असावी लागते.

या दुहेरी रचनेला तत्त्वज्ञानात एक नेमकी जागा आहे. हॅना आरेंट यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द ह्यूमन कंडिशन’ या ग्रंथात मानवी कृतीच्या दोन दुबळेपणांवर दोन उपाय सांगितले: घडून गेलेले परत घेता येत नाही यावर क्षमा, आणि पुढे काय घडेल याची शाश्वती नाही यावर वचन. क्षमेचे हे सामर्थ्य मानवी व्यवहारात प्रथम ओळखले ते नाझरेथच्या येशूने, असे त्या म्हणतात. धार्मिक संदर्भातून आलेला विचार म्हणून ऐहिक विवेचनातून तो वगळावा, हे त्यांना मान्य नव्हते. जाझमधील क्षमेचे उदाहरण म्हणून पियानोवादक हर्बी हॅनकॉक यांनी स्वतः सांगितलेला प्रसंग वारंवार दिला जातो. १९६० च्या दशकात माइल्स डेव्हिस यांच्या ट्रम्पेटवादनाच्या मध्येच हॅनकॉक यांच्या हातून चुकीची कॉर्ड वाजली आणि डेव्हिस यांनी पुढचे स्वर असे निवडले की ती कॉर्ड योग्य ठरली. प्रसंग हृद्य आहे, पण त्याच्या लोकप्रियतेमुळे जाझ म्हणजे चुका सावरून घेण्याची कला असा एक सैल समज पसरला आहे. बासवादकाचा ए-फ्लॅट ही सावरण्याची बाब नाही. ते वचन आहे, आणि ते पाळण्याची जबाबदारी पुढच्या मात्रेला त्याच्या स्वतःवरच येते.

आरेंट यांचा आणखी एक मुद्दा येथे लागू पडतो: माणूस स्वतःलाच क्षमा करू शकत नाही आणि केवळ स्वतःला दिलेल्या वचनाने बांधलाही जात नाही, दोन्हींसाठी दुसरे कोणी असावे लागते. ड्रमवादक बासच्या मात्रेला आपली मात्रा जुळवतो, आणि सोलो वाजवणारा वादक वाट चुकला तर बासच्या पहिल्या मात्रेवरूनच आपण कोणत्या कॉर्डवर आहोत हे ओळखतो. ए-फ्लॅट ऐकताच हे सगळे जी गृहीत धरून पुढे सरकलेले असतात. खोलीत एकट्याने सराव करणाऱ्या विद्यार्थ्याची ओळ स्वरागणिक निर्दोष असूनही निर्जीव वाटते, याचे एक कारण तिच्यावर विसंबलेले कोणी नसते हे असावे.

शिकण्याचा रूढ क्रम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. विद्यार्थी आधी फक्त मूळ स्वर वाजवतो, मग पंचम, मग कॉर्डचे बाकीचे स्वर, आणि अखेरीस पुढच्या मूळ स्वराकडे अर्धस्वराने नेणारे स्वर. हा शेवटचा टप्पा नव्या स्वरांच्या ओळखीचा नसून दिशेच्या बदलाचा असतो, कारण तोवर चालू बारच्या आरंभापासून विचार करणाऱ्या विद्यार्थ्याला आता पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेपासून मागे यावे लागते. मिनिटाला २४० मात्रांच्या गतीत एका स्वराला पाव सेकंद मिळतो आणि पूर्ण बारला एक सेकंद. एवढ्यात स्वरागणिक निर्णय शक्य नसतो, म्हणून विद्यार्थी ब्राउन किंवा चेंबर्स यांच्या ओळी ध्वनिमुद्रणावरून ऐकून, गाऊन, लिहून काढून मुखोद्गत करतो, आणि मुक्काम आधी ऐकू येण्याची सवय हाताला लागते. संत ऑगस्टीन यांनी ‘कन्फेशन्स’च्या अकराव्या खंडात पाठ असलेले स्तोत्र म्हणणाऱ्या माणसाचे उदाहरण दिले आहे: आरंभी संपूर्ण स्तोत्र त्याच्या अपेक्षेत असते आणि म्हणता म्हणता अपेक्षा घटत जाऊन स्मृती वाढत जाते. त्यांच्या मते माणसाचे संपूर्ण आयुष्यही असेच उलगडते. मात्र स्तोत्र म्हणणाऱ्याला प्रत्येक अक्षर आधीच ठाऊक असते, आणि बासवादकाला केवळ टप्पे ठाऊक असतात. आयुष्याशी अधिक जुळणारे उदाहरण कोणते, असा प्रश्न केल्यास बासवादकाचे, असेच उत्तर द्यावे लागेल.

तथापि, या सर्व विवेचनाची खरी कसोटी जेथे टप्पेच जवळ नाहीत तेथे लागते. डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ (१९५९) या संचातील ‘सो व्हॉट’ या रचनेत ३२ बारांच्या प्रत्येक आवर्तनात पहिले १६ बार डी वर आधारलेल्या एकाच स्वरसप्तकात जातात, पुढचे ८ बार तेच सप्तक अर्धस्वर वर, ई-फ्लॅटवर, सरकवतात आणि शेवटचे ८ पुन्हा डी वर येतात. एका आवर्तनाचा शेवट पुढच्याच्या आरंभाला जोडला की सलग २४ बार, म्हणजे ९६ मात्रा, कोठेच जायचे नसते, आणि त्या मूळ ध्वनिमुद्रणात चेंबर्स सोलोंच्या मागे तरीही चालतच राहतात. अशा ठिकाणी चौथ्या मात्रेवरील परका स्वर कोणत्या मुक्कामाचे वचन देतो, हा प्रश्न अवघड आहे. वादक चार किंवा आठ बारांचे सांधे मनात धरून स्वतःच मुक्काम उभे करतो, हे उत्तर बरोबर असले तरी अपुरे आहे. अधिक बोलका तपशील त्या सप्तकांच्या अंतरातच आहे. ज्या डी वर सोळा बार घराचा स्वर म्हणून पुनःपुन्हा येणे झाले, तो डी पुढे येणाऱ्या ई-फ्लॅटच्या खाली नेमका अर्धस्वर आहे. सोळाव्या बारच्या चौथ्या मात्रेवर वादकाने डी वाजवला तर तो त्या क्षणापर्यंत निर्विवाद बरोबर असतो, त्याला कोणत्याही समर्थनाची गरज नसते, आणि पुढच्याच मात्रेला तो ई-फ्लॅटकडे नेणारा स्वर होऊन बसतो. तेव्हा पुढच्या मात्रेवर अवलंबून असतात ते केवळ परके स्वर, हे आतापर्यंतचे गृहीतही टिकत नाही. घरचा स्वरही घरचाच होता की वाटेवरचा, हे त्याच्या स्वतःच्या मात्रेत ठरलेले नसते.