लावायचं औषध, तोडायचं औषध

तलासरीच्या आठवडी बाजारात शेजारची बाई सहज म्हणाली, "अंगणवाडीतलं अंडं पोराला देतच नाही. त्याच्या अंगावर उठतं." पोर कडेवर होतं. कोपराच्या आतल्या घडीत कातडी लाल, खाजवून सोललेली, वर करंजतेलाचा थर. ते वाक्य मनातून जात नाही.

इसब म्हणजे एक्झिमा, कातडी लाल होऊन खाजत राहणारा आजार. पालघर जिल्ह्याच्या डहाणू-तलासरी या आदिवासी पट्ट्यात त्यावर कडुलिंबाचा पाला उकळून आंघोळ घालतात, टाकळा वाटून लावतात, भगताकडे, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूकडे, नेतात. माझ्या परिचयाचे एक डॉक्टर या साऱ्याला अडाणीपणा म्हणतात. लिहायला बसलो तेव्हा माझाही रोख भगतावरच होता.

पण मी उपचारांचे दोन भाग करतो: अंगाला लावायचे आणि खाण्यातून तोडायचे. लावण्यातही धोका आहेच. झाडपाल्याच्या रसाने सोललेली कातडी आणखी पेटते. लंडनमध्ये 'वनौषधी' म्हणून दिलेले अकरा मलम तपासले, तर आठांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघालं. १९९९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ते छापून आलं. बिनलेबलाची डबी म्हणूनच नको. तरी लावलेलं पुसता येतं, बंद करता येतं. घासच तोडला तर वाढीच्या वयातलं ते अन्न भरून कसं काढायचं?

आणि हे तोडणं एकट्या भगताचं नाही. अंडं, मासळी, वांगं बंद करा, हे शिकलेल्या घरांत आणि कित्येक दवाखान्यांतही सांगतात. शहरातल्या मुलाला त्याऐवजी दूध-पनीर मिळतं. इथे कुपोषणामुळेच अमृत आहार योजनेतून सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंडी किंवा केळी द्यावी लागतात. डॉक्टरमहाशय पाल्यावर चिडतात, पथ्याबद्दल मात्र चकार शब्द काढत नाहीत.

न खाण्याने अॅलर्जी टळतेच असंही नाही. तीव्र इसब किंवा अंड्याची अॅलर्जी असलेल्या ६४० बाळांना घेऊन लंडनमध्ये अभ्यास झाला. २०१५ साली निष्कर्ष आले: ज्यांना लहानपणापासून शेंगदाण्याचे पदार्थ दिले, त्यांच्यात पुढे शेंगदाण्याची अॅलर्जी फारच कमी आढळली.

काही मुलांना अन्न खरंच बाधतं. खाल्ल्यावर लगेच गांधी उठल्या, ओठ सुजले, उलटी झाली, तर ते थांबवून तपासून घ्यायलाच हवं. एरवी अंदाजाने अंडं तोडू नका. आणि डॉक्टरांनो, काय लावता हे विचारता, तसं घरात काय बंद केलंय हेही त्या आईला विचारा.