घटाला ठेवलेली भोके

जळकोट नावाची गावे मराठवाड्यात एकाहून अधिक आहेत. लातूर जिल्ह्यातले जळकोट तालुक्याचे ठिकाण आहे. धाराशिव जिल्ह्यातले जळकोट तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्गच्या पुढे लागते. नुसते ‘जळकोटला चाललो’ म्हटले तर कोणते, हे बोलणारा कुठला यावरून ठरते. याच महामार्गावर नळदुर्गच्या अलीकडे अणदूर आहे आणि तिथे नेमकी उलट गंमत आहे. खंडोबाची मंदिरे दोन, एक अणदूरला आणि एक नळदुर्गजवळ मैलारपूरला, पण मूर्ती एकच. वर्षातला बराचसा काळ देव अणदूरला असतो, उरलेला काळ मैलारपूरला, आणि पौष पौर्णिमेची मोठी यात्रा मैलारपूरलाच भरते. एक नाव आणि वस्तू दोन. घरे दोन आणि वस्तू एक. अद्वैताच्या पंडितांना शतकानुशतके पुरलेला हा विषय आजकाल संगणकाच्या पडद्यावरही दिसतो.

समजा, जळकोटमध्येच एखाद्याच्या टेबलावर जुना डेस्कटॉप आहे आणि त्यावर डेबियन लिनक्स बरी चालते आहे. डेबियन सावकाश चालणारी, जुने पण खात्रीचे तेच देणारी. मालकाला मात्र एक नवे सॉफ्टवेअर हवे आहे आणि ते फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर सहज मिळते. अख्खी मशीन पुन्हा फॉरमॅट करायची नसेल तर डिस्ट्रोबॉक्स कामाला येते. लुका दि माइओ या प्रोग्रामरने 2021 मध्ये सुरू केलेले हे साधन म्हणजे खरे तर शेल स्क्रिप्टांचा संच. कंटेनर, म्हणजे एका व्यवस्थेच्या आत बसलेली दुसरी, चालवण्याचे जड काम पॉडमन किंवा डॉकर करते. फेडोराच्या लोकांनी टूलबॉक्स नावाचे असेच साधन त्याआधी काढले होते. दोन आज्ञा दिल्या की डेबियनच्या आत फेडोरा उभी राहते. तिथल्या टर्मिनलमध्ये ‘ईटीसी’ फोल्डरातली ‘ओएस-रिलीज’ फाइल उघडली तर ती छातीठोकपणे सांगते, मी फेडोरा. त्याच टर्मिनलमध्ये ‘यूनेम -आर’ टाइप केले तर कर्नल, म्हणजे व्यवस्थेचा गाभा, निघतो बाहेरच्या डेबियनचाच.

मग ही फेडोरा खरी की नाही?

अद्वैती आचार्य गौडपादांनी मांडूक्य कारिकांच्या अद्वैत प्रकरणात हाच पेच घटाच्या दृष्टान्ताने मांडला. घट घडला की त्यातले आकाश वेगळे वाटू लागते आणि त्याला आपण घटाकाश म्हणतो. घट फुटला की ते महाकाशात ‘मिसळले’ असे म्हणतो. वास्तविक ते कधी वेगळे झालेच नव्हते. मराठीत मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’ने आणि ज्ञानेश्वरीने अद्वैताचा विचार घरोघर नेला, आणि आज कीर्तनातल्या श्रोत्यालाही घट-मठाचे उदाहरण नवे नसते.

लिनक्सचा कर्नल या बाबतीत कडवा अद्वैती आहे. त्याच्या आत ‘कंटेनर’ नावाची वस्तूच नाही. आहेत त्या नेमस्पेस, म्हणजे एखाद्या प्रोसेसला जग कोणत्या नावांनी दिसावे याच्या मर्यादा, आणि सीग्रुप, म्हणजे मेमरी व प्रोसेसर किती वापरावा याचे हिशेब. युनिक्समध्ये 1979 साली आलेला ‘सीएचरूट’ हा या कुळाचा पूर्वज. 2002 मध्ये माउंट नेमस्पेस आली आणि एकच पत्ता दोन ठिकाणी दोन वेगळ्या फाइली दाखवू लागला, जळकोटसारखाच. 2008 मध्ये सीग्रुप कर्नलमध्ये दाखल झाले, 2013 मध्ये युजर नेमस्पेस पूर्णत्वाला आली. एवढ्या मर्यादा एकत्र बांधून जे दिसते त्याला माणसे कंटेनर म्हणतात. वाचस्पती मिश्रांच्या ‘भामती’ परंपरेतला अवच्छेदवाद याहून फारसे वेगळे सांगत नाही: भेद उपाधीचा, म्हणजे वरून घातलेल्या मर्यादेचा, मूळ वस्तूचा नाही. व्हर्च्युअल मशीनचे मात्र तसे नाही. तिथे पाहुण्याचा कर्नल स्वतंत्र असतो. ती सरळ द्वैती व्यवस्था.

इथवर दृष्टान्त छान जमतो. पण गौडपादांनी आक्षेपही ओळखला होता. आकाश एकच असेल तर एका घटात धूळ-धूर भरला की सगळेच घट मळायला हवेत. त्यांचे उत्तर असे की तसे होत नाही. एकाचा धूर दुसऱ्याला लागत नाही, तसेच जीवांच्या सुखदुःखाचे.

डिस्ट्रोबॉक्समध्ये धूर लागतो. त्याचा हेतू अलगपणा नाहीच, बाहेरच्या डेस्कटॉपशी मिसळून जाणे हा आहे, आणि त्याच्या कागदपत्रांत ते लपवलेलेही नाही. वापरणाऱ्याचे होम फोल्डर आत जसेच्या तसे दिसते. पडदा, आवाज, नेटवर्क, यूएसबी सगळे सामाईक. बाहेर चाललेल्या प्रोसेसही आतून दिसतात. होममध्ये टाकलेला मराठी फॉन्ट दोन्हीकडे चालतो, आतले सॉफ्टवेअर एका आज्ञेने बाहेरच्या मेनूत येऊन बसते. खंडोबा एका वेळी एकाच गावी असतो. होम फोल्डर मात्र एकाच क्षणी प्रत्येक कंटेनरमध्ये हजर. म्हणून आत चुकून डिलीट केलेली जमाखर्चाची फाइल बाहेरूनही जाते. आतल्या पायथॉनसाठी होममधल्या ‘लोकल’ फोल्डरात बसवलेले पॅकेज जीलिबसी या पायाभूत लायब्ररीच्या नव्या आवृत्तीवर बांधलेले असेल, तर बाहेरचा त्याच आवृत्तीचा पायथॉन जुन्या जीलिबसीमुळे त्यावर अडखळतो. सेटिंग्जच्या फाइलींची तीच कथा.

अहंकाराचा प्रश्नही इथे सुटसुटीत भेटतो. पॉडमन साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालवला तर आतला ‘रूट’, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, आतल्या घराचा राजा असतो, हवे ते बसवतो, उखडतो. बाहेरच्या कर्नलच्या लेखी तो अधिकार नसलेला एक आकडा. डॉकरच्या नेहमीच्या मांडणीत हे कवच नसते. तिथे आतला राजा बाहेरही राजाच ठरू शकतो. जीवाचे ईश्वरत्व किती खरे, या वादात उतरणाऱ्याने हे दोन प्रकार एकदा शेजारी शेजारी चालवून पाहावेत.

शास्त्रकारांनी भिंत खरी की खोटी यावर खूप शाई खर्च केली. संगणकावर बसलेल्याला त्याहून उपयोगी प्रश्न दिसतो: भिंतीला भोके किती आणि ती कोणी ठेवली? सीमा व्यवहारात किती खरी, हे तिच्यातून काय जाऊ दिले यावर ठरते. सगळे एकच आहे म्हणून काळजी नको, हे अद्वैत नव्हे, आळस आहे. उलट, डब्यात ठेवले म्हणजे सुरक्षित झाले, हाही भ्रमच. ‘होम’चा पर्याय देऊन कंटेनरला वेगळे घर देता येते, त्याने सेटिंग्जची सरमिसळ टळते, पण बाहेरची अख्खी फाइल-व्यवस्था ‘रन’मधल्या ‘होस्ट’ फोल्डरातून आत दिसतच राहते. तेव्हा नवे पण विश्वासाचे सॉफ्टवेअर असेल तर डिस्ट्रोबॉक्स खुशाल वापरावे, आधी होमचा बॅकअप घेऊन. अनोळखी ठिकाणाहून आलेली फाइल तपासायची असेल तर व्हर्च्युअल मशीनच उघडावी.